नाणं खरं, गोष्ट खोटी: जुनी नाणी विकत घेण्याआधी

माझी पहिली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, एकटी आली नाही, जोडीनं आली. आठवडी बाजारात जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलुपं आणि एका ताटलीत नाणी. त्यातल्या दोन शिवराईंवर ‘श्री राजा शिव’ ठळक वाचता येत होतं आणि दोन्हींच्या डाव्या कडेला एकसारखी भेग होती. मला वाटलं, वा, जोडी सापडली! घासाघीस करून दोन्ही घेतल्या. रात्री दिव्याखाली शेजारीशेजारी ठेवल्यावर कळलं की भेग तर सारखी आहेच, पण ‘जा’च्या कान्यावरचा खड्डाही दोन्हींवर त्याच जागी, त्याच आकाराचा आहे. म्हणजे जोडी सापडली नव्हती. एकाच साच्यातून निघालेली जुळी माझ्या गळ्यात मारली गेली होती.

असं का, हे समजायला जुन्या काळी नाणं कसं पाडत ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. माझ्या मते खऱ्याखोट्याची निम्मी पारख तिथंच होते. टांकसाळीत आधी तांब्याची किंवा चांदीची चकती ठरलेल्या वजनाची करून घेत. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, वरचा ठसा कारागिराच्या हातात. मध्ये चकती ठेवायची आणि वरून घणाचा घाव घालायचा. दर घावाला चकती थोडी इकडेतिकडे सरकणार, कधी घाव तिरका बसणार, कधी कड फाटणार. त्यामुळे एकाच ठशातून हजारो नाणी निघाली तरी त्यातली कुठलीही दोन तंतोतंत सारखी नसतात. अक्षर सारखं असेल, पण ते चकतीवर बसलेलं वेगळ्या जागी असेल. भेग, खड्डा, झीज हे तर प्रत्येकाचं स्वतःचंच. एका नाण्याची भेग दुसऱ्यावर जशीच्या तशी दिसली, की दुसरं पहिल्यावरून साचा काढून ओतलेलं आहे, किंवा दोन्ही तिसऱ्याच कुठल्या नाण्यावरून.

याचाच दुसरा भाग असा की ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. ठशावर पूर्ण मजकूर असतो, पण चकतीवर त्याचा तुकडाच उमटतो. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र / पति’ असतं, भोवती ठिपक्यांची किनार. पण बहुतेक खऱ्या शिवराईंवर यातलं काहीतरी कापलेलं असतं. कुठं ‘श्री’ अर्धी गेलेली, कुठं किनार एकाच बाजूला चार ठिपक्यांपुरती. मुघल रुपयांचंही तेच. बादशहाचं नाव, टांकसाळीचं नाव आणि साल हे सगळं एकाच रुपयावर पूर्ण मिळालं तर संग्राहक जास्त पैसे मोजतो, कारण ते क्वचित घडतं. म्हणून ताटलीतली दहाच्या दहा नाणी अगदी गोल, मजकूर मधोमध आणि किनार पूर्ण अशी दिसली, तर खूश होण्याऐवजी हात मागे घ्यावा.

ओतलेलं नाणं हाताला आणि भिंगाला वेगळं लागतं. घावानं धातू दाबला जातो आणि बाहेर पसरतो, त्यामुळे अक्षरांच्या बाजू धारदार उभ्या राहतात. साच्यात ओतलेल्या धातूत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, पृष्ठभागावर टोचल्यासारखी भोकं दिसतात आणि अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत होतात. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं कडेला बारीक शिवण राहते. ती कानशीनं घासून काढलेली असली तर कडेवर एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. म्हणून नाणं हातात घेतल्यावर मी आधी कड बघतो, चेहरा नंतर. विकणारा मात्र नेहमी चेहरा दाखवतो. ऑनलाइन फोटोतही दोन्ही बाजू असतात, कड नसते. कडेचा फोटो मागितल्यावर जो विक्रेता गप्प होतो, त्याच्याशी पुढचं बोलणं नको.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नवशिका चांगलं नाणंही टाकून देईल. आपल्याकडची काही प्राचीन नाणी मुळातच ओतीव आहेत. सातवाहनांनी शिशाची, तांब्याची आणि मिश्रधातूची नाणी काढली, त्यातली काही साच्यातून ओतलेली आहेत. तेव्हा ‘ओतीव म्हणजे खोटं’ हे सूत्र शिवराईला आणि मुघल रुपयाला लागू पडतं, प्रत्येक काळाला नाही. ज्या घराण्याचं नाणं घेताय त्या घराण्याची रीत आधी माहीत असली पाहिजे.

आता वजन. खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे या छंदातलं सगळ्यात उपयोगी हत्यार, आणि त्याची किंमत एखाद्या बऱ्या नाण्याहून कमीच असते. चांदीच्या नाण्यात वजन फार बोलकं असतं, कारण राज्यं त्याबाबत काटेकोर होती. शेरशहानं सुरू केलेला रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. कंपनी सरकारनं १८३५ साली सगळ्या हिंदुस्थानासाठी एकसारखा रुपया काढला, तो १८० ग्रेनचा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारात अकरा भाग चांदी. पुढे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या रुपयातही हेच माप राहिलं. पंचमार्क म्हणजे आहत नाणी, चांदीच्या तुकड्यावर छोटे ठसे ठोकलेली प्राचीन नाणी, ज्यांना आपण कार्षापण म्हणतो, ती साधारण ३.३ ते ३.५ ग्रॅमची. वापरानं नाणं झिजतं आणि वजन घटतं, ११.४ ग्रॅमचा राणीचा रुपया अगदी खरा असू शकतो. वाढत मात्र नाही. बारा ग्रॅमचा राणीचा रुपया कुणी दाखवला तर तो कितीही चकचकीत असला तरी घरी आणू नका.

तांब्याच्या बाबतीत वजनावर इतका भरवसा ठेवता येत नाही. पूर्ण शिवराई ढोबळमानानं अकरा ते तेरा ग्रॅम, पण नंतरच्या काळात ती हलकी होत गेली आणि फरक पुष्कळ आहे. तिथं कड आणि अक्षरंच बघावी लागतात.

वजन जुळलं तरी धातू कुठला हा प्रश्न राहतोच, आणि त्याची परीक्षा स्वयंपाकघरात करता येते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, वाटीच्या तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा दिसेल ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या मूळ वजनाला त्यानं भागा. राणीच्या ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो. भागाकार साधारण १०.३, म्हणजे त्या मिश्रणाच्या चांदीची घनता. तोच रुपया जर्मन सिल्व्हरचा असेल तर काट्यावर १.३५ च्या आसपास दिसेल. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, नाव तेवढं भारी. शिसं मिसळून घनता जुळवणारे महाभागही असतात, पण शिसं मिसळलं की आवाज मरतो. बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारलेला चांदीचा रुपया लांब वाजतो. ‘खणखणीत नाणं’ हा शब्दप्रयोग उगीच पडलेला नाही.

सराफाकडच्या कॅरट मशीनवर नाणं ठेवून निर्धास्त होणारे लोक मी बघितले आहेत. ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. आत तांबं आणि वर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते फसू शकतं. आणि ही लबाडी आजची नाही, आहत नाण्यांच्या काळातही तांब्याच्या चकतीवर चांदी चढवून ती चालवली जात होती. असं प्राचीन खोटं नाणं आज मिळालं तर त्यालाही अभ्यासक पैसे देतात. काळ खरा असला की लबाडीलाही मोल येतं!

बादशाही आणि मराठा रुपयांवर कधीकधी लहान टोचे दिसतात: फुली, चांदणी, एखादं अक्षर. ते सराफांचे शिक्के. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असल्यामुळे सराफ प्रत्येकाची चांदी तपासून त्यावर बट्टा कापत. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो तो बट्टा हाच. शिक्के असलेला रुपया देखणा दिसत नाही म्हणून स्वस्त मिळतो. मला तो आवडतो. माझ्याआधी दोन-चार सराफांनी तो बघितलेला असतो.

हिरवा रंग बघून भुलू नये. तांबं जमिनीत शतकानुशतकं राहिलं की त्यावर हिरवा, तपकिरी, कधी लालसर असा कठीण थर बसतो, तो धातूशी एकजीव झालेला असतो. रसायनात बुडवून आणलेला हिरवेपणा खोलगट जागी दाट आणि उंच जागी पुसट दिसतो आणि लाकडी काडीनं घासला तर सुटतो. खऱ्या नाण्यावरही फिकट हिरवी पूड सुटत असेल तर ते नाणं ‘आजारी’ आहे. क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातोय, ते इतरांपासून वेगळं कोरड्या जागी ठेवायचं. आणि कृपा करून चिंच-मीठ, लिंबू, राख लावून नाणं लख्ख करू नका. देवघरातली भांडी वेगळी, नाणी वेगळी. घासलेल्या नाण्याचा थर तर जातोच, पण खरंखोटं ओळखायची एक खूणही कायमची पुसली जाते.

इथपर्यंत धातूची लबाडी झाली. पण माझ्या अनुभवात जास्त पैसे जातात ते धातूमुळे नाही, गोष्टीमुळे. नाणं अस्सल असतं, त्याच्याबरोबर विकली जाणारी हकिकत बनावट असते.

शिवराईचंच घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ती सुरू झाली हे खरं, पण ती महाराजांबरोबर थांबली नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत आणि मक्त्यानं चालणाऱ्या खाजगी टांकसाळींतही ‘श्री राजा शिव’ हाच मजकूर पाडत राहिले. एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांत शिवराई चालत होती. कारागीर बदलले तसं लिहिणंही बदललं: कुठं ‘सिव’, कुठं ‘सीव’, कुठं अक्षर उलटं, कुठं दोन ओळींमध्ये दुहेरी दांडी, तिला संग्राहक दुदांडी शिवराई म्हणतात. म्हणजे तुमच्या हातातलं नाणं अगदी अस्सल असेल, दोनशे वर्षांचंही असेल, तरी ते महाराजांच्या हयातीतलं आहे असं सिद्ध होत नाही. साधी झिजलेली शिवराई काही शे रुपयांत मिळते. ‘रायगडाच्या टांकसाळीतली, महाराजांनी हाताळलेली’ हे चार शब्द जोडले की तिचीच किंमत कितीतरी पट सांगितली जाते. त्या चार शब्दांचा पुरावा मागा. बहुतेक वेळा पुरावा म्हणून एक सुस्कारा मिळतो.

सोन्याच्या होनाबद्दल तर बोलायलाच नको. महाराजांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि अस्सल म्हणून मान्य झालेले होन अगदी मोजके. सोनेरी मुलाम्याच्या प्रतिकृती गडांच्या पायथ्याशी आणि प्रदर्शनांत उघडपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा तीच प्रतिकृती दुसऱ्या हातात जाऊन ‘वाड्याच्या भिंतीत सापडलेला होन’ होते.

महाराजांचा चेहरा असलेलं त्या काळचं नाणं कुणी दाखवलं तर दुकानातून सरळ बाहेर पडा. असं नाणं त्या काळी पाडलंच गेलं नाही. भारत सरकारनं १९९९ मध्ये महाराजांचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं काढलं होतं; ते छान आहे, पण ते चलनातलं नाणं आहे, पुरातन नाही. मराठ्यांचा चांदीचा रुपया शोधायला गेलात तर आणखी एक धक्का बसेल: त्यावर फारसी मजकूर आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव असतं. बाजारात खपावा म्हणून मराठ्यांनी रुपया बादशाही नावानंच पाडला आणि ओळख म्हणून त्यावर आपली खूण टाकली. पुण्याकडच्या रुपयावर अंकुश, म्हणून तो अंकुशी रुपया. नवशिका अंकुशी रुपया ‘मुसलमानी’ म्हणून परत करतो आणि देवनागरीतला, तलवारीचं चित्र असलेला कालपरवाचा बिल्ला घेऊन जातो.

यापुढची पायरी म्हणजे कधीच अस्तित्वात नसलेली नाणी. एका बाजूला राम-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल’, ‘हाफ आणा’ आणि साल १६१६, १७१७ किंवा १८१८. कंपनीनं देवांची चित्रं असलेलं असलं कुठलंही आण्याचं नाणं काढलेलं नाही. १८३५ च्या तांब्याच्या पाव आण्यावर कंपनीचं सिंहांचं मानचिन्ह असतं आणि मागं पानांची माळ. हे देवांचे बिल्ले आधुनिक काळातले, शोभेचे. देवघरात ठेवायला हरकत नाही, लाखात विकायला आहे. यांच्याच नावावर ‘तांदूळ खेचणारं नाणं’ ही फसवणूक चालते. तांदळाला लोहाची पूड चोपडलेली असते आणि नाण्याखाली चुंबक, एवढंच त्यातलं दैवत. त्यापायी महाराष्ट्रात शहाण्यासुरत्या माणसांनी जमिनी विकलेल्या आहेत.

फोनवर येणारी उलटी फसवणूकही याच जातीची: ‘तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं किंवा ट्रॅक्टरची पाचाची नोट आम्ही पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क आणि कर भरा.’ रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून असं शुल्क घेत नाही. जो खरंच नाणं विकत घेणार आहे, तो तुमच्याकडून आधी पैसे कशाला मागेल?

पण प्रत्येक नक्कल फसवण्यासाठीच असते असंही नाही. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवून बघा. पुतळीचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅट नाण्यात आहे. व्यापाऱ्यांबरोबर ती आली, आवडली, आणि आपल्या सोनारांनी तशीच पाडली. लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून देशी पुतळीवर नुसत्या रेघोट्या दिसतात. ती व्हेनिसची नाही, पण सोनं खरं आणि आजीही खरी. फक्त नाणं म्हणून विकताना तिला डुकॅट म्हणू नये, आणि माळेतून काढलेल्या कुठल्याही नाण्याच्या कडेला कडी डाखल्याची खूण शोधावी. ती बुजवलेली असते आणि किंमत कमी करते.

कायद्याचं थोडक्यात, पण लक्ष देऊन. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. ते बाळगायला बंदी नाही, पण पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या नातवानं आजोबांचे राणीछाप रुपये आठवण म्हणून बॅगेत टाकले, तर भावना कितीही खरी असली तरी तो गुन्हा आहे. दुसरा कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा. शेत नांगरताना किंवा वाडा पाडताना दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणूनच ‘परवाच आमच्या शेतात हंडा निघाला’ असं सांगणारा विक्रेता दोन्हीकडून अडचणीचा. खोटं बोलत असेल तर नाणी बनावट, खरं बोलत असेल तर तुम्ही बेकायदा माल घेताय.

हंडा नियमानं सरकारकडे गेला की काय मिळतं, याचं उदाहरण नाशिकजवळच आहे. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले ठसे पुन्हा मारलेले होते. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर! जिंकणारा कोण, याचा इतका स्पष्ट पुरावा शिलालेखातही क्वचित मिळतो. अशी नाणी सुटी पाच-दहा करून गुपचूप विकली गेली असती तर हा हिशेब कुणाला लागलाच नसता.

घ्यायचं ठरवलंच तर परवाना असलेल्या विक्रेत्याकडून किंवा लिलावातून घ्या, आणि पावतीवर नाण्याचं वर्णन, वजन, फोटो आणि ‘बनावट ठरल्यास पैसे परत’ हे लिहून घ्या. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत प्रमाणपत्रासह येणाऱ्या नाण्यांच्या डब्याही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तपासा आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा. पण त्याही आधी सहा महिने काही न घेता नुसती खरी नाणी बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. तिथं काचेपलीकडून शंभर शिवराई डोळ्यांखालून गेल्या की एकशे एकावी खोटी निघाली तर आधी डोळ्याला खटकते, कारण नंतर सापडतं.

माझी ती जुळी अजून माझ्याकडे आहेत. दोघींच्या कडेवर कानशीनं आडवी खाच पाडून ठेवली आहे, माझ्यामागं कुणाच्या ताटलीत पुन्हा जाऊन बसू नयेत म्हणून.